महापौराचे बटण कोठे आहे?

१५ जानेवारी २०२६ रोजी भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेचे मतदान झाले. त्या दिवशी आम्ही एका केंद्रावर मतदारांच्या बोटांस शाई लावीत बसलो होतो. आम्ही राहतो निजामपुऱ्यात आणि शिकवितो तालुक्यातल्या एका खेड्यात. पण निवडणूक आली की सरकार मास्तराच्या हातचा खडू काढून घेते आणि शाईची बाटली देते, हे तुम्हां सर्वांस ठाऊक आहेच. दुपारी एक म्हातारी आली. कांड्या भरून भरून बोटे वाकडी झालेली. तिने चार मते दिली आणि तेथेच उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, चार बटणं दाबली. आता महापौराचं कुठलं?" आम्ही म्हणालो, "आजी, ते बटण इथं नाही." तिने विचारले, "मग कुठं आहे?"

केंद्रावर बसलेल्या माणसाने मतदाराशी जास्त बोलू नये. म्हणून आम्ही गप्प बसलो. आज त्या म्हातारीला उत्तर देण्यासाठी लेखणी उचलली आहे. आम्ही सरकारी पगाराचे नोकर. अमक्याला मत द्या, तमक्याला देऊ नका, असे आम्ही लिहिणार नाही. पण दिलेले मत कोठे जाते हे समजावून सांगणे हे शिक्षकाचे कामच आहे, आणि ते सांगताना आम्ही कोणाची भीड धरणार नाही.

या निवडणुकीच्या आधी आमचा एक जुना विद्यार्थी आमच्याकडे आला होता. बाप विणकर, हा स्वतः विणकर. भाड्याच्या गाळ्यात स्वतःचे चार माग. घरात राजकारण कोणी केलेले नाही. म्हणाला, "गुरुजी, मी उभा राहतोय. महापौर होऊन दाखवतो. न्यूयॉर्कला नवा पोरगा होतो, तर भिवंडीला का नाही?" पत्रकाचा मसुदा त्याने आमच्यापुढे ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरांत छापायचे होते, 'भावी महापौर'. पत्रक लिहून द्या म्हणाला. ते आम्हांस मना आहे, म्हणून आम्ही नकार दिला. पण त्याच्याशी तासभर बोललो. जे त्याला सांगितले तेच येथे सांगतो, कारण 'भावी महापौर' हे दोन शब्द आज शहराच्या नाक्यानाक्यावर लटकत असतात आणि त्यांच्याइतके खोटे दोन शब्द आमच्या पाहण्यात दुसरे नाहीत.

प्रथम न्यूयॉर्कचे पाहू. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या शहराने झोहरान ममदानी या ३४ वर्षांच्या तरुणाला महापौर निवडले. वर्षभरापूर्वी शहरात त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. राज्याच्या विधानसभेचा तो एक साधा सभासद होता. समोर माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्यासारखा मुरलेला पुढारी. तरी घरभाडे वाढू देणार नाही, बसचा प्रवास फुकट करीन, असे सांगत तो दारोदार फिरला आणि दहा लाखांवर मते घेऊन निवडून आला. आमच्या पोराला एवढे दिसले. पण यामागे तीन गोष्टी आहेत, त्या मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाहीत. पहिली, तेथे महापौराला लोक स्वतः मत देतात. दुसरी, निवडून आल्यावर शहराच्या खात्यांचे मुख्य अधिकारी तोच नेमतो. कारभाराची दोरी त्याच्या हाती असते. तिसरी, शहराची एक योजना आहे. तीत सामील झालेल्या उमेदवाराला शहरातल्या रहिवाशाने लहान देणगी दिली, तर तिच्या पहिल्या अडीचशे डॉलरांवर शहराचा खजिना एका डॉलरमागे आठ डॉलर घालतो. म्हणजे नव्या आणि गरीब उमेदवाराला सावकाराच्या दारात जावे लागू नये, अशी सोय कायद्यानेच केलेली आहे.

आता आपल्याकडे या. महापौर कोण निवडतो? १९४९ च्या महानगरपालिका कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे नगरसेवक आपल्यातूनच एकाला अडीच वर्षांसाठी महापौर निवडतात. भिवंडीत नगरसेवक नव्वद. सात लाखांवर वस्तीच्या शहराचा महापौर नव्वद माणसे ठरवितात, आणि त्या दिवशी तुम्हांआम्हांला कोणी विचारीत नाही. आजी, तुमचे ते बटण या नव्वदांच्या खिशात आहे!

या खिशातून काय निघते ते आमच्या शहराने पाहिलेले आहे. मे २०१७ च्या निवडणुकीत नव्वदांपैकी ४७ जागा काँग्रेसला मिळाल्या. बहुमताला ४६ पुरतात. म्हणजे मतदारांनी आपला कौल स्वच्छ दिला होता. अडीच वर्षे गेली. डिसेंबर २०१९ मध्ये महापौराची दुसरी निवडणूक झाली, तेव्हा कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा विलास पाटील ४९ मते मिळवून महापौर झाल्या आणि काँग्रेसच्या उमेदवाराला ४१ मते पडली. कोणार्क आघाडीचे नगरसेवक किती? चार! काँग्रेसच्या १८ नगरसेवकांनी आपल्या पक्षाविरुद्ध मते दिली होती. त्या बाईंनी कायदा मोडला असे आम्ही म्हणत नाही. कायद्याप्रमाणे त्या महापौर झाल्या. आमचे भांडण व्यक्तीशी नाही. भांडण आहे ते ज्या कायद्यात ४७ हरतात आणि चार जिंकतात, त्या कायद्याशी. पक्षांतर करणाऱ्या नगरसेवकाला अपात्र ठरविण्याचा १९८६ चा कायदा आहे खरा. पण तो शिक्षा करतो फुटणाऱ्याला. ज्याचे मत फुटले त्या मतदाराला त्याचा महापौर तो परत आणून देत नाही. चोर धरला म्हणून गेलेला बैल गोठ्यात येतो असे नाही.

यंदाही नव्वदांत कोणत्याच एका पक्षाला ४६ चा आकडा गाठता आला नाही. याचा अर्थ सरळ आहे. महापौर मतपेटीतून निघत नाही. तो बंद खोलीतल्या बोलण्यातून निघतो. तुम्ही एका पक्षाविरुद्ध म्हणून दुसऱ्याला मत द्यावे, आणि पुढे त्या दोघांनी एकत्र बसून खुर्ची वाटून घ्यावी, यात कायद्याने काहीच आडवे येत नाही.

आता 'भावी महापौर' या फलकाची आणखी एक गंमत ऐका. महापौरपद कोणत्या वर्गासाठी राखीव, हे मंत्रालयात सोडत काढून ठरते. यंदा मतदान झाले १५ जानेवारीला, मोजणी १६ ला, आणि सोडत निघाली २२ ला! म्हणजे मते मागणाऱ्या एकाही माणसाला मतदानाच्या दिवशी हे ठाऊक नव्हते की आपण त्या खुर्चीला पात्र तरी आहोत की नाही. तरी फलक लागले होते. आरक्षणाला आमचा विरोध आहे असे कोणी समजू नये. २६ जुलै १९०२ रोजी शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, तेव्हापासून ही आमच्या हक्काची शिदोरी आहे. आमचा आक्षेप आहे तो तारखेला. सोडत आधी काढा आणि मते मागाहून मागा. सोयरीक झाल्यावर वर कोणता ते सांगणार, हा कोठला न्याय?

समजा, इतक्या सगळ्या अडचणी ओलांडून आमचा तो विणकर खुर्चीवर बसलाच. पुढे काय? त्याच कायद्याचे ६७ वे कलम वाचा. कारभार चालविण्याचा अधिकार आयुक्ताला दिलेला आहे, आणि आयुक्ताला राज्य सरकार नेमते. महापौर सभेचे अध्यक्षस्थान घेतो, ठराव मतास टाकतो, पाहुण्यांचे स्वागत करतो. सभेला अंदाजपत्रक मंजूर करण्याचा अधिकार आहे, तो लहान नव्हे. तरी गटार उपसायला माणूस पाठविणे वा एखादे काम बंद पाडणे, हे महापौराच्या एकट्याच्या हुकमाने होत नाही. लग्नात नवरदेव घोड्यावर बसतो. फेटा त्याचा, वाजंत्री त्याच्या नावाची, पण लगाम धरून दुसराच पुढे चालतो. महापौराचे तसेच आहे.

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडातली तीन मजली जिलानी इमारत कोसळली आणि तीसांहून अधिक माणसे झोपेतच गाडली गेली. त्यांत बहुतेक कष्टकरी घरांतली. धोक्याची इमारत रिकामी करविण्याचा अधिकार कायद्याने आयुक्ताला आहे. मरणारा मरतो आपल्या वॉर्डात, आणि अधिकार असतो ज्याला वॉर्डाने निवडलेलेच नाही त्याच्याजवळ! वीज घ्या. २००७ सालापासून भिवंडीतली वीजवाटणी एका खासगी कंपनीकडे आहे. हा करार राज्याच्या वीज कंपनीने केला, महापालिकेने नव्हे. मागाचा प्राण वीज, आणि तिच्याविषयी महापौर फार तर अर्ज लिहू शकतो. पाणी घ्या. शहराला स्वतःचे धरण नाही; स्टेम प्राधिकरणाकडून आणि मुंबई महापालिकेकडून पाणी घ्यावे लागते. तेव्हा नवा महापौर आला की नळाला पाणी येईल, विजेचे बिल उतरेल, असे जो सांगतो तो तुम्हांस फसवितो. अथवा आमच्या त्या पोराप्रमाणे स्वतःच फसलेला असतो.

बरे, लोकांनी निवडलेली सभा तरी नेहमी असते काय? जून २०२२ मध्ये आधीच्या सभेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहरावर प्रशासक होता. घरपट्टी भरायला आपण होतो. ती कोठे खर्च करावी हे विचारायला आपला एकही माणूस सभागृहात नव्हता.

कोणी म्हणेल, सर्वत्रच असे असते. खोटे! आम्ही ज्या खेड्यात शिकवितो, त्या खेड्यातली माणसे सरपंचाला स्वतः मत देतात. २०२२ साली सरकारने कायदा बदलून सरपंच आणि नगराध्यक्ष पुन्हा थेट लोकांतून निवडण्याचे ठरविले. डिसेंबर २०२५ मध्ये याच ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथ आणि बदलापूरच्या मतदारांनी आपला नगराध्यक्ष स्वतः बटण दाबून निवडला. तेव्हा खेडुताला अक्कल आहे, लहान शहराला अक्कल आहे. मग भिवंडी, ठाणे, मुंबई, सोलापूर येथल्या माणसाची अक्कल कोठे चरायला गेली? खेडे सोडून पोटासाठी शहरात आलेल्या माणसाचे मत वाटेत अर्धे कसे झाले? याचे उत्तर आजवर कोणत्याही पक्षाच्या सरकारने दिलेले नाही. १९९८ साली मुंबई आणि नागपूर येथे महापौराच्या हाती कारभार देणारी महापौर-परिषद आणली होती. तीही वर्षभरात गुंडाळली.

परप्रांतांत पाहा. छत्तीसगडात रायगड शहराने जानेवारी २०१५ मध्ये मधू किन्नर यांना अपक्ष म्हणून महापौर निवडले. रेल्वेगाडीत गाऊन-नाचून पोट भरणारी ती व्यक्ती. पाठीशी पक्ष नाही, पैसा नाही. बिहारात २०२२ साली महापौर आणि उपमहापौर प्रथमच थेट लोकांतून निवडले गेले, तेव्हा गया शहराने चिंतादेवी यांना उपमहापौर केले. ज्या शहराची घाण त्यांनी वर्षानुवर्षे डोक्यावरून वाहिली, त्याच शहराने त्यांना खुर्ची दिली. या दोघींना बंद खोलीत नव्वद माणसांनी निवडले असते काय? तुम्हीच सांगा.

आणि आपल्याकडे नव्या माणसाला साधा नगरसेवक होणेही कसे अवघड करून ठेवले आहे पाहा. नव्वद जागांचे तेवीस प्रभाग. बहुतेक प्रभागांत चार-चार सभासद. २०११ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ७,०९,६६५ होती. तेवीसने भागा, प्रभागाला सरासरी तीस हजारांवर माणूस येतो, आणि तोही पंधरा वर्षांपूर्वीचा. एकट्या विणकराने इतक्या माणसांपर्यंत पायी कसे पोचावे? पक्षवाला चौघे मिळून एक पत्रक छापतो, एक मोटार फिरवितो, खर्च चौघांत वाटतो. एकट्याला सगळे एकट्यानेच करावे लागते. एक गल्ली, एक सभासद असता तर आमचा पोरगा चपला झिजवून निवडून आला असता. चार सभासदांच्या प्रभागात त्याने दोन माग विकले आणि तो पडला. आज तो आपल्या उरलेल्या दोन मागांवर दिवसपाळी करतो आणि दुसऱ्याच्या कारखान्यात रातपाळी. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, पडलो त्याचं काही नाही. पण लोकांना वाटत होतं, मला मत दिलं की महापौर मीच. ते खरं नाही हे ठाऊक असून मी त्यांना सांगितलं नाही. ते मनाला लागतंय." पोरगा प्रामाणिक आहे. आम्हांस त्याचा अभिमान वाटला. जे निवडून आले त्यांतल्या किती जणांच्या मनाला हे लागले असेल?

आता आमच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही दोन शब्द ऐकवावे लागतील. थेट निवडणूक आली म्हणजे रामराज्य आले असे नव्हे. पैशाचा डोंगर घेऊन एखादा धनदांडगा थेट निवडणुकीतही उभा राहील. महापौर एका पक्षाचा आणि सभा दुसऱ्यांची झाली तर ओढाताण होईल. आणि अधिकार न देता नुसते बटण दिले, तर नवरदेव लोकांनी निवडलेला, एवढाच फरक. लगाम तेथेच राहील. म्हणून बटण आणि अधिकार दोन्ही एकदम मागितले पाहिजेत. तसेच, नवा आहे एवढ्यावर कोणाला भुलू नका. जुन्या मागावर नवा धोटा चढविला तरी कापड जुन्याच विणीचे निघते. नवेपणा हा गुण नव्हे. प्रश्न विचारण्याची छाती हा गुण आहे.

जोतीराव फुले १८७६ साली पुणे नगरपालिकेचे सभासद झाले, तेव्हा त्या सभागृहात तेही नवेच होते. पाठीशी गट नव्हता. व्हाइसरॉयाच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून पैसे उधळण्याचा ठराव आला, तेव्हा विरोधी मत देणारे ते एकटे होते. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. ते हरले, पण कोणाचा पैसा कोण उधळतो हा प्रश्न त्यांनी सभागृहात मांडला, तो आजपर्यंत कोणाला मिटविता आलेला नाही. पुढे १९२५ साली केशवराव जेधे हे तिशीच्या आतले तरुण त्याच नगरपालिकेत गेले आणि त्यांनी जोतीरावांच्या पुतळ्याचा ठराव मांडला. तोही तेव्हा हाणून पाडला गेला. पण त्या एका ठरावाने बहुजनसमाजाला आपली माणसे कोण आणि परकी कोण हे दाखवून दिले. या दोघांपैकी कोणी नगराचा अध्यक्ष होण्यासाठी फलक लावले नव्हते. नव्या माणसाने शिकायचे तर यांच्यापासून शिकावे.

तेव्हा शेतकरी आणि कारागीर बंधुभगिनींनो, पुढच्या वेळी नवा असो की जुना, जो मत मागायला येईल त्याला दारातच तीन गोष्टी विचारा. बाबा रे, महापौरासाठी तू कोणाला मत देणार, ते आज सांग. आणि उद्या मन बदलले तर आमच्या नाक्यावर येऊन चार माणसांसमक्ष कारण सांगशील काय? तुझ्या निवडणुकीला पैसा कोणी दिला आणि त्याला तू काय कबूल केले आहेस? आणि दरवर्षी तू मांडलेले ठराव आणि दिलेली मते कागदावर लिहून आमच्या गल्लीत वाचून दाखवशील काय? जो या तिन्हींना होय म्हणेल त्याच्या शब्दाची नोंद आपल्या पोरांच्या वहीत करून ठेवा. शाळेत जाणारे पोर तेवढे लिहू शकते. त्यासाठीच आम्ही त्याला शिकवितो.

आणि सरकारकडे मागणी करा. गल्लीगल्लीतून, मागाच्या गाळ्यांतून, ग्रामसभांतूनसुद्धा करा. कारण आज खेड्यात राहणाऱ्याचा मुलगा उद्या याच शहरात राहणार आहे. महापौर थेट लोकांनी निवडावा. त्याला कारभाराचा अधिकार असावा आणि त्याचा जाब सभेने व लोकांनी विचारावा. सोडत मतदानाच्या आधी निघावी. एका प्रभागाला एकच सभासद असावा. गरीब उमेदवाराच्या लहान देणग्यांना न्यूयॉर्कसारखी सरकारी जोड मिळावी. यात क्रांती काही नाही. सरपंचाच्या बाबतीत जे खेड्याला मिळाले, तेच शहराने मागायचे आहे.

महानगरपालिकेच्या पाटीवर अर्धे नाव आमच्या निजामपुऱ्याचे आहे. नावात अर्धा वाटा देऊन कारभारात शून्य वाटा ठेवणे हा जुन्या खोतांचा हिशेब झाला. तो आम्हांस मान्य नाही. त्या म्हातारीने चार बटणे दाबली, तिचे पाचवे बटण सरकारकडे बाकी आहे. ते वसूल होईपर्यंत मागणे सोडू नका.